एसयूव्ही खाली बसवायची आहे, तर नुसत्या स्प्रिंग बदलून भागेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०२१ ची डिझेल क्रेटा, ६८ हजार किलोमीटर झालेत, चाकाच्या वर जी मोठी गॅप दिसते ती नकोय आणि ताम्हिणी घाटात वळणावर गाडी कलते तेही आवडत नाही. दुकानदार म्हणतोय ४५ एमएमच्या लोअरिंग स्प्रिंग टाका, शॉकअप कंपनीचेच राहू द्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. गाडी रोज पुण्यात ऑफिसला आणि सणावाराला पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन चिपळूणला. तर करावं का?

दादा, ४५ करू नका. २५ करा, फार तर ३०, आणि तेसुद्धा शॉकअप सोबत बदलणार असाल तरच. शॉकअपचं बजेट नसेल तर स्प्रिंगला हातच लावू नका, उलट स्प्रिंग कंपनीच्या ठेवून फक्त शॉकअप बदला, तुमची अर्धी तक्रार तिथेच संपेल. का ते सविस्तर लिहितो कारण या विषयावर सगळे गॅपबद्दल आणि ग्राउंड क्लिअरन्सबद्दल बोलतात आणि जी गोष्ट खरी संपते तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

आधी ग्राउंड क्लिअरन्सचं उरकून घेऊ. क्रेटाचा रिकाम्या गाडीचा क्लिअरन्स १९० एमएम. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक १०० एमएम उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला पाहिजे, गोलाई १७ मीटर त्रिज्येची. म्हणजे कागदावर १९० मधून ४५ गेले तरी १४५ उरतात आणि गाडी आरामात निघते. दुकानदार हेच गणित सांगतो. पण गावागावात रात्रीतून डांबर ओतून केलेले गतिरोधक नियमाचे नसतात ते तुम्हालाही माहिती आहे, आणि पाच माणसं प्लस सामान बसल्यावर मागची बाजू आणखी खाली येते. तरीसुद्धा मी म्हणेन की पोट घासणं हा या सगळ्यातला छोटा प्रॉब्लेम आहे. पोट घासलं की आवाज येतो, तुम्ही हळू चालवायला लागता. मोठा प्रॉब्लेम आवाज न करता होतो.

तो म्हणजे बंप ट्रॅव्हल. गाडी उभी असताना चाक वरच्या दिशेला किती हलू शकतं, बंप स्टॉपर (चाक फार वर गेलं की अडवणारा रबरी ठोकळा) पूर्ण दाबला जाईपर्यंत, ती जागा. गाडी खाली केली की ही जागा तेवढीच कमी होते, जेवढी गाडी खाली तेवढी, एक एक एमएम तिथूनच जातो. आणि कंपनीने ही जागा चैन म्हणून ठेवलेली नसते, आपल्या रस्त्यांसाठी आणि फुल लोडसाठी ठेवलेली असते.

आता आकडे धरून बघू, हे क्रेटाचे छापील आकडे नाहीत, या साइझच्या गाडीसाठी मी हिशोबाला धरतो ते आहेत. पुढच्या एका चाकावर स्प्रिंगच्या वर बसलेलं वजन ३८५ किलो धरा. गाडीची नॅचरल फ्रिक्वेन्सी (स्प्रिंगवर ती सेकंदाला किती वेळा वर-खाली होते) सव्वा हर्ट्झच्या आसपास हवी असेल, म्हणजे फॅमिली गाडीला बरी वाटते तेवढी, तर चाकापाशी स्प्रिंगचा रेट, म्हणजे कडकपणा, येतो साधारण २४ न्यूटन प्रति एमएम. बंप ट्रॅव्हल ८० एमएम धरा. स्प्रिंग जितकी दाबली जाते त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ती धक्का पोटात घेते, म्हणजे ट्रॅव्हल निम्मा केला तर धक्का पचवायची ताकद निम्मी होत नाही, पाव होते. ८० एमएममध्ये २४ ची स्प्रिंग सुमारे ७७ ज्यूल घेते. गाडी ४० एमएम खाली केली, उरले ४०. दुकानातली लोअरिंग स्प्रिंग कंपनीपेक्षा २०-३० टक्के कडक असते, ३० धरू, म्हणजे ३१ चा रेट. ४० एमएममध्ये ती घेते २५ ज्यूल. म्हणजे आधीच्या तुलनेत एक तृतीयांश. उरलेलं कोण घेणार? बंप स्टॉपर, टॉप माउंट (शॉकअप वरून बॉडीला जोडणारा भाग), आणि त्यानंतर बॉडी. बरोबरी करायची असेल तर स्प्रिंग चौपट कडक लागेल, ९६ चा रेट, आणि तशी गाडी पुण्यातल्या रस्त्यावर रोज चालवणं कोणालाच झेपणार नाही.

तेच २५ एमएम खाली केली तर उरतात ५५, आणि तीच ३१ ची स्प्रिंग ४७ ज्यूल घेते, म्हणजे जवळपास ६० टक्के. चांगला शॉकअप आणि चांगला बंप स्टॉपर असेल तर बाकीचं सांभाळता येतं. म्हणून मी २५ म्हणतोय. २५ आणि ४५ मधला फरक बघायला वीसच एमएम वाटतो पण चाकाच्या दृष्टीने ती दोन वेगळ्या गाड्या आहेत.

आणि हे फक्त कम्फर्टचं नाहीये, इथे जरा लक्ष द्या. घाटात उतारावर वळताना बाहेरच्या पुढच्या चाकावर वजन येतं, ते चाक आधीच वर गेलेलं असतं, त्यात मधेच खड्डा किंवा रस्त्याची दबलेली कड आली की चाक स्टॉपरला टेकतं. टेकलं की त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात कित्येक पट होतो आणि त्या टायरची पकड सुटते. पुढचं टेकलं तर गाडी वळायचं सोडून सरळ जायला बघते, मागचं टेकलं तर शेपूट बाहेर निघते. पाच माणसं आणि सामान असेल तर मागचं चाक आधी टेकणार कारण ते आधीच अर्धं दबलेलं आहे. ईएससी, म्हणजे घसरती गाडी सावरणारी यंत्रणा, मदत करते, पण ती ब्रेक लावून मदत करते, रस्त्याला न टेकलेल्या टायरला ती तरी काय ब्रेक लावणार. पावसाळ्यात ताम्हिणीत ओल्या रस्त्यावर हे होऊ द्यायचं नसतं.

आता तुमची दुसरी तक्रार, कलण्याची. लोकांचा समज असा की गाडी खाली आली की कलणं आपोआप कमी होतं. थोडं होतं. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी जमिनीपासून ६४० एमएम धरली आणि ३० ने खाली आणली तर ६१० होते, म्हणजे आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जाणारं वजन साधारण ५ टक्क्यांनी कमी होतं. बस, पाच टक्के. गाडी खाली केल्यावर मित्र सांगतात ना की भाऊ एकदम रुळावर चालल्यासारखी वाटते, ते त्या पाच टक्क्यांमुळे नाही, ते स्प्रिंग कडक झाल्यामुळे आणि नवे शॉकअप असतील तर त्यांच्यामुळे.

उलट मॅकफर्सन स्ट्रटमध्ये, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात असतात त्या रचनेत, क्रेटाला पुढे तेच आहे, एक त्रास होतो. लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा हात, मूळ उंचीला साधारण आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी जास्त खाली केली की तो चाकाकडे वर चढता होतो. त्यामुळे रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती बॉडी कलते तो बिंदू, गाडी जितकी खाली येते त्याहून जास्त खाली जातो. म्हणजे बॉडीचं वजन आणि तो बिंदू यातलं अंतर वाढतं, आणि अंतर वाढलं की कलवणारा जोर वाढतो. म्हणून नको तितकी खाली केलेली गाडी कडक स्प्रिंग असूनही कलते आणि मालकाला कळत नाही की असं कसं. टाय रॉडचा, म्हणजे स्टेअरिंगपासून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचा, कोनही बिघडतो, मग खड्ड्यावरून जाताना स्टेअरिंग न फिरवता गाडी जराशी इकडेतिकडे वळते, बंप स्टिअर म्हणतात ते. रेसिंगवाले यावर लांब बॉल जॉइंट लावतात. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका, रोजच्या फॅमिली गाडीचं ते काम नाही.

शॉकअपबद्दल आता. स्प्रिंग गाडीला धरून ठेवते आणि शॉकअप त्या स्प्रिंगला आवरतो, दोघांची जोडी कंपनीने जुळवलेली असते. स्प्रिंग ३० टक्के कडक केली की तोच शॉकअप तिच्यासाठी साधारण १२ टक्के कमी पडतो. आकडा फार मोठा वाटत नाही, नव्या शॉकअपला कदाचित निभावेलही, पण तुमचे शॉकअप ६८ हजार चाललेत आणि त्यातले कितीतरी कोकणात. तेल गळत नाही म्हणजे शॉकअप चांगला असं नसतं. आतले व्हॉल्व्ह झिजतात, तेल पातळ पडतं, गॅस कमी होतो, बाहेरून काही दिसत नाही. आणि हे इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला जाणवत नाही, त्याला वाटतं आपली गाडी आधीपासून अशीच आहे. अशा दमलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग टाकली की गाडी खड्ड्यावर आदळते आणि खड्डा गेल्यावर वर खाली होत राहते, दोन्हीकडून नुकसान. हायवेला शंभरच्या स्पीडला पुलाच्या जॉइंटवर मागची बाजू उडते ती यामुळेच.

मला तर वाटतं तुमची घाटातली तक्रार निम्म्याहून जास्त जुन्या शॉकअपची आहे. कलणं दोन प्रकारचं असतं. एक, लांब वळणावर गाडी शेवटी किती कलून स्थिर होते, ते स्प्रिंग आणि स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं रोखणारा दांडा) ठरवतात. दुसरं, स्टेअरिंग फिरवल्याबरोबर किती पटकन धपकन कलते, ते शॉकअप ठरवतो. घाटात माणसाला जे नको वाटतं, मागे बसलेल्यांना मळमळतं, ते बहुतेक वेळा दुसरं असतं. एका वळणातून लगेच उलट्या वळणात जाताना गाडी झोके खाते का ते बघा, खात असेल तर शॉकअप.

शॉकअपची लांबीही महत्त्वाची. कंपनीच्या स्प्रिंगसाठीचा जरा चांगला शॉकअप वेगळा आणि लोअर केलेल्या गाडीसाठीचा आखूड बॉडीचा वेगळा. बिल्स्टाइनचं उदाहरण घ्या, त्यांचा बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी आणि बी८ आखूड, लोअरिंग स्प्रिंगसाठी. बाकी कंपन्यांतही हा फरक असतो, नाव वेगळं असेल. प्रत्येक गाडीला दोन्ही मिळतीलच असं नाही, तुमच्या गाडीसाठी जे मिळतंय ते यातलं कोणतं आहे एवढं विचारून घ्या. आखूड बॉडीमुळे दबायची जागा थोडी परत मिळते, आणि दुसरी गोष्ट, चाक पूर्ण खाली लटकलं तरी स्प्रिंग तिच्या जागेवर घट्ट राहते. ही दुसरी गोष्ट जीवाची आहे. लोअरिंग स्प्रिंग मोकळी असताना कंपनीपेक्षा आखूड असते, तिच्यासोबत लांब शॉकअप ठेवला आणि गाडी जॅकवर चढवली किंवा चाक मोठ्या खड्ड्यात लटकलं की स्प्रिंग तिच्या बसायच्या वाटीतून सैल होते, खुळखुळते, कधी फिरून चुकीच्या जागी बसते. म्हणून काम झाल्यावर गाडी लिफ्टवर असतानाच, चाकं लटकलेली असताना, चारही स्प्रिंग हाताने हलवून बघा. हलली तर गाडी ताब्यात घेऊ नका.

इथे प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगबद्दलही सांगतो. बऱ्याच लोअरिंग स्प्रिंगमध्ये एका टोकाचे वेढे जवळजवळ असतात, लोकांना वाटतं आधी मऊ मग कडक, म्हणजे दोन्ही फायदे. प्रत्यक्षात गाडी जमिनीवर उभी राहिली की ते जवळचे वेढे बहुतेक वेळा एकमेकांवर टेकून बसलेले असतात, चालवताना त्यांचा फारसा उपयोग नसतो. त्यांचं मुख्य काम स्प्रिंगला लटकताना जागेवर ठेवणं. चांगली गोष्टच आहे ती, फक्त तिच्यामुळे राइड मऊ होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

आणि कोणी म्हणालं की स्प्रिंग विकत कशाला घेता, एक वेढा कापून देतो, नाहीतर गॅसने तापवून बसवून देतो, तर तिथून गाडी घेऊन निघून या. हे अजून चालतं, शहरात चालतं, तरुण पोरांच्या गाड्यांना सर्रास करतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो. वेढा कापला की स्प्रिंग आखूड होते आणि कडकही होते, सहा वेढ्यांपैकी एक कापला तर २० टक्के, पण कापलेलं टोक खालच्या वाटीत बसत नाही कारण मूळ टोकाला जो आकार दिलेला असतो तोच गेला. तापवणं तर त्याहून वाईट. स्प्रिंगच्या स्टीलला भट्टीत ठरलेल्या तापमानाला पाणी दिलेलं असतं, गॅसची ज्वाला लावली की त्या जागी ते पाणी उतरतं, एक वेढा मऊ आणि शेजारचा कडक, आणि दोघांच्या मधल्या ठिकाणी ती पुढे कधीतरी तुटते. कुठे तुटेल ते सांगता येत नाही.

स्प्रिंग घ्यायची तर कोणती. आयबाख, एचअँडआर, टाइन अशा नावाजलेल्या कंपन्या आहेत, पण नावापेक्षा पार्ट नंबर बघा. तुमची डिझेल आहे, डिझेलचं इंजिन जड, पेट्रोलसाठीची स्प्रिंग पुढे टाकली तर गाडी सांगितल्यापेक्षा जास्त बसणार आणि पुढून नाक खाली जाणार. दुसरं, क्रेटा आणि सेल्टॉस एका प्लॅटफॉर्मवरच्या, म्हणून काही लोक बाहेरून सेल्टॉसची किट मागवतात. अमेरिकेत ऑल व्हील ड्राइव्ह सेल्टॉस मिळते, तिला मागे मल्टिलिंक सस्पेंशन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वेगळ्या दांड्यांवर, आपल्याकडच्या क्रेटाला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच आडवी तुळई. मागची स्प्रिंग चालणारच नाही. पार्ट नंबर कोणत्या इंजिनसाठी, कोणत्या मागच्या अ‍ॅक्सलसाठी आणि किती अ‍ॅक्सल लोडपर्यंत हे लिहून मागा. जो विकणारा हे सांगू शकत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

पुढे-मागे किती किती खाली हेही विचारा. बऱ्याच गाड्या कंपनीतून येतानाच मागून किंचित उंच असतात, लोड घेतला की सपाट व्हाव्यात म्हणून. दिसायला बरं म्हणून मागे जास्त बसवली की पाच माणसांत गाडी नाक वर करून चालते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. फ्रिक्वेन्सीचंही एक आहे, मागची बाजू पुढच्यापेक्षा थोडी जास्त फ्रिक्वेन्सीची ठेवतात, १०-२० टक्के, म्हणजे गतिरोधकावरून पुढचं चाक आधी आणि मागचं नंतर गेलं तरी दोन्हींचं हलणं एकाच वेळी जुळून येतं आणि गाडी घोड्यासारखी पुढेमागे डुलत नाही. मॉरिस ऑली नावाच्या इंजिनिअरने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये हे मांडलं आणि आजही सगळे त्यावरूनच सुरुवात करतात. चार स्प्रिंग एका किटमधल्याच टाका असं मी म्हणतो ते यासाठी, पुढे एक कंपनी मागे दुसरी असं करू नका.

आता काम करताना काय बघायचं. गाडी गॅरेजला सोडून चहाला जाऊ नका, थांबा तिथे.

काम सुरू व्हायच्या आधी चारही चाकांचं मोजमाप घ्या, चाकाच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजू नका, टायरच्या हवेने आकडा बदलतो. डिझेल किती आहे ते लिहून ठेवा. हे चार आकडे नसतील तर नंतर गाडी खरंच किती बसली हे कोणी सांगू शकणार नाही.

पुढचा स्ट्रट खोलताना स्प्रिंग कॉम्प्रेसर चांगला हवा, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. वरचा नट सोडताना आणि लावताना रॉड अ‍ॅलन कीने धरून पान्याने फिरवायचा, इम्पॅक्ट गनने नाही, गनने रॉड आत गरगर फिरतो आणि नव्या शॉकअपचं सील पहिल्याच दिवशी खराब होतं. ६८ हजारांवर टॉप माउंट, त्याचं बेअरिंग, डस्ट बूट (शॉकअपच्या रॉडवरचं धूळ अडवणारं कव्हर), बंप स्टॉपर सगळं नवीनच टाका, तेवढ्यासाठी परत मजुरी देण्यात अर्थ नाही. स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडही बघून घ्या, क्रेटा असो नाहीतर कुठलीही, आपल्या रस्त्यांवर त्या आधी वाजायला लागतात. बंप स्टॉपर कापायचा का? स्प्रिंगवाल्याच्या कागदात किती कापायचा ते लिहिलेलं असेल तर तेवढाच, नसेल तर अजिबात नाही. काही जण ट्रॅव्हल वाढावा म्हणून अर्धा उडवतात, मग पिस्टन शॉकअपच्या तळाच्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि नवा शॉकअप महिन्यात जातो.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे बुश, सांध्यांमधले रबर. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे रबरी बुश बोल्ट आवळले त्या स्थितीत धरले जातात. गाडी खाली आली की ते रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं, मग लवकर फाटतं, कुरकुरतं, आणि गाडी थोडी उंचही राहते. म्हणून हे बोल्ट ढिले करायचे, गाडी चाकांवर उभी करायची, चार-पाच वेळा दाबून हलवायची, आणि वजन चाकांवर असतानाच टॉर्क रेंचने आवळायचे. चार खांबांची लिफ्ट किंवा पिट असलेलं गॅरेज शोधा, दोन खांबांच्या लिफ्टवर चाकं लटकतात त्यामुळे हे नीट होत नाही.

मग अलाइनमेंट. लगेच एकदा आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा, कारण नव्या स्प्रिंग सुरुवातीला अजून थोड्या बसतात. गाडी खाली आली की पुढच्या चाकांचा कॅम्बर थोडा निगेटिव्ह होतो, म्हणजे चाकं वरून आत झुकतात, टायर आतून झिजला की सगळे त्यालाच दोष देतात, पण इतक्या कॅम्बरने टायर लवकर जात नाही, टायर खातो तो बिघडलेला टो, म्हणजे वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं. टो बरोबर करून घ्या, कॅम्बर दोन्ही बाजूंना सारखा आहे ना एवढं बघा. मागच्या टॉर्शन बीमला पान्याने फिरवायचं काहीच अ‍ॅडजस्टमेंट नसतं, पण मागचेही आकडे छापून घ्या, बीम आधीच कुठे आदळून वाकलेला असेल तर तेव्हाच कळतं.

हेडलाइट परत सेट करा. तुमच्या २०२१ च्या मॉडेलला कॅमेरा-रडारवालं एडास (चालकाला मदत करणारी यंत्रणा) नाही म्हणून तुम्ही सुटलात, पण २०२४ च्या फेसलिफ्टपासूनची एडासवाली क्रेटा असेल तर उंची बदलली की कॅमेरा आणि रडार परत कॅलिब्रेट करावे लागतात, आणि बदल केलेल्या गाडीला सर्व्हिस सेंटर ते करून देईलच असं नाही. एडासवाली गाडी लोअर करू नका असंच मी सांगतो.

कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत बदल करण्याबद्दलचं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याचा अर्थ लावताना सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १८२ए हे कलम नव्याने लिहिलं गेलं, त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला एका बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ग्राउंड क्लिअरन्स आरसीवर छापलेला नसतो म्हणून लोक म्हणतात कोण बघतंय. रस्त्यावर कोणी नाही बघणार कदाचित, पण अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर बघतो, आणि तुमच्या गाडीत कुटुंब असतं. विमा कंपनीला आधी लेखी विचारा, उत्तर लेखीच घ्या. वॉरंटी शिल्लक असेल तर सस्पेंशन, स्टेअरिंग, ड्राइव्हशाफ्ट यांचे क्लेम नाकारले जातील हे धरूनच चाला.

फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओसारख्या चासीवरच्या गाड्यांचं वेगळं असतं, कोणी वाचत असेल तर एवढंच सांगतो. मागे अख्खा अ‍ॅक्सल असतो आणि फॉर्च्युनरसारख्या गाडीत त्याला बाजूने धरणारा आडवा रॉड, गाडी खाली आली की तो रॉड अ‍ॅक्सलला एका बाजूला सरकवतो, प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो. बोलेरोसारख्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या जोडणीत बदल करून किंवा पाटे काढून खाली करतात, पाटे काढणं म्हणजे लोड घ्यायची ताकदच काढणं. या गाड्या उंच असण्यासाठीच बनल्यात, त्यांना तसंच राहू द्या.

तर तुमच्या गाडीसाठी मी असं करेन. आधी कंपनीच्या उंचीच्या स्प्रिंगवर चार नवे चांगले शॉकअप, नवे टॉप माउंट आणि लिंक रॉड. टायर प्रेशर दरवाज्यावरच्या स्टिकरप्रमाणे, लोड असेल तेव्हा लोडचं. एक ताम्हिणीची फेरी मारा. कलणं सहन होण्यासारखं झालं तर तिथेच थांबा. गॅप डोळ्यांना खुपतच असेल तर मग २५ एमएमच्या स्प्रिंग. पण मग शॉकअप घेतानाच हे ठरवून घ्यायला हवं, कारण आखूड बॉडीचे शॉकअप कंपनीच्या उंचीवर लावता येत नाहीत, चाक लटकायला जागा उरत नाही. म्हणून पैसे द्यायच्या आधी एक छोटी टेस्ट करा. पुढच्या आणि मागच्या शॉकअपचा डस्ट बूट वर सरकवा, चकचकीत रॉडवर एक झिप टाय घट्ट बांधा आणि खाली शॉकअपच्या बॉडीला टेकवा. पाच माणसं, भरलेली डिकी, चिपळूणला जाऊन या. रॉड आत गेला की बॉडी झिप टायला वर ढकलते आणि तो तिथेच राहतो. परत आल्यावर गाडी रिकामी, सपाट जागेवर उभी करून दोन मापं घ्या, बॉडीपासून झिप टायपर्यंत किती आणि झिप टायपासून बंप स्टॉपरच्या खालच्या टोकापर्यंत किती शिल्लक. स्टॉपरला टेकून झिप टाय चेपलाच असेल तर गाडी आहे त्या उंचीलाच पूर्ण ट्रॅव्हल वापरतेय, मग २५ सुद्धा नको. २५-३० एमएम शिल्लक राहत असतील तर जागा आहे. चारही चाकांचे आकडे कळवा, त्यावरून स्प्रिंगचा रेट किती घ्यायचा आणि कोणत्या लांबीचा शॉकअप लागेल ते बसून ठरवू.